मोटरहोममागे बांधलेल्या जीपची बॅटरी दर मुक्कामाला उतरते? चार्जिंगची वायर टाकण्याआधी ब्रेकचे दिवे बघा

दिवसभर मोटरहोम (चाकांवरचं घर) चालवून मुक्कामाला पोचायचं, मागची जीप सोडवायची, किल्ली फिरवायची आणि नुसतं टक-टक-टक. बॅटरी उतरलेली. दोन वर्षांत आमच्या बाबतीत हे चार वेळा झालं. दर वेळी काहीतरी उपाय केला, नवी बॅटरीसुद्धा टाकली. खरं कारण पाचव्या फेरीत सापडलं आणि ते बॅटरीपेक्षा कितीतरी गंभीर होतं. ज्यांची फोर-व्हील-ड्राइव्ह ऑटोमॅटिक गाडी चारही चाकं रस्त्यावर ठेवून मोटरहोममागे ओढली जाते, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आम्ही ॲरिझोनात, फीनिक्सला राहतो. ३२ फुटी पेट्रोल मोटरहोम आहे आणि मागे २०१२ ची जीप रँग्लर अनलिमिटेड: ३.६ लिटरचं व्ही-६ इंजिन, पाच गिअरचा ऑटोमॅटिक आणि हाताच्या लिव्हरची ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी यंत्रणा. आपल्याकडे बंद पडलेली गाडी टोचन लावून गॅरेजपर्यंत नेतात, ते चार-पाच किलोमीटरचं काम. इथे धडधाकट गाडी मुद्दाम बांधून एका दिवसात सातशे किलोमीटर नेतात, कारण शेजारच्या यूटा राज्यातल्या मोआबच्या खडकाळ वाटांवर मोटरहोम जात नाही, जीप जाते. सातशे किलोमीटर इंजिन बंद ठेवून चाकं फिरत राहिली की काय काय होऊ शकतं, याचा विचार टोचनवाल्याला करावा लागत नाही. आपल्याला करावा लागतो.

बॅटरीकडे वळण्याआधी गिअरबॉक्सचं थोडक्यात सांगतो, कारण बॅटरीच्या गडबडीत लोक इथेच चुकतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा तेलाचा पंप इंजिन फिरवतं. इंजिन बंद असताना मागची चाकं गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवत राहिली तर आत तेल पोचत नाही आणि गिअरबॉक्स जळतो. म्हणून ‘गिअर न्यूट्रलला टाकला’ एवढ्यावर भागत नाही. ट्रान्सफर केसला स्वतःचं खरं न्यूट्रल हवं, म्हणजे पुढचा आणि मागचा दोन्ही शाफ्ट गिअरबॉक्सपासून सुटे होतात. रँग्लरच्या ट्रान्सफर केसचा तेलाचा पंप मागच्या शाफ्टबरोबर फिरतो, त्यामुळे ओढताना तिला तेल मिळत राहतं. गिअरबॉक्स मात्र पार्कमध्ये ठेवायचा, म्हणजे तो जागचा हलत नाही. ज्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत ट्रान्सफर केसला न्यूट्रलच नाही, ती गाडीच्या पुस्तकात तशी परवानगी असल्याशिवाय अशी ओढायची नाही, मग दुकानदार काहीही सांगो. एकाच नावाच्या गाडीतही फरक असतो. ग्रँड चेरोकीची दोन वेगांची ट्रान्सफर केसवाली गाडी ओढता येते, एका वेगाची येत नाही. होंडा सीआर-व्ही अमेरिकेत २०१४ पर्यंत ओढता येत होती, २०१५ ला सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) आला आणि ते बंद झालं. आपल्या गाडीबरोबर आलेलं पुस्तक हाच शेवटचा शब्द.

आता मूळ दुखणं.

पहिल्यांदा मोआबला बॅटरी उतरली तेव्हा शेजारच्या ट्रेलरवाल्याने जंपर केबल दिली, गाडी लागली आणि आम्ही ‘बॅटरी जुनी झाली’ म्हणून विषय सोडून दिला. घरी आल्यावर नवी टाकली. पुढच्या फेरीत नवीही उतरली. मग एका दुकानातून मोटरहोमकडून जीपला चार्जिंगची वायर टाकून घेतली. तिसऱ्या फेरीत त्या वायरचा फ्यूज उडाला आणि बॅटरी पुन्हा शून्यावर. चौथ्या फेरीत फ्यूज बदलला, तोही उडाला. दुकानदार म्हणाला, १५ अँपिअरच्या जागी ३० चा टाका. तो मी टाकला नाही, आणि तुम्हीही टाकू नका. फ्यूज वायरला वाचवायला असतो. बारीक वायरवर मोठा फ्यूज टाकला की फ्यूज टिकतो आणि वायर पेटते. ती वायर जाते पेट्रोलच्या टाकीच्या बाजूने.

फ्यूज का उडत होता ते नंतर समजलं. अर्धी उतरलेली बॅटरी चालत्या अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनरेटरला) जोडली की ती सुरुवातीला एकदम जास्त करंट ओढते. म्हणजे उडणारा फ्यूज हा बिघाड नव्हता, बॅटरी फार लवकर उतरतेय याची खूण होती. आम्ही खूण पुसायला बघत होतो.

पाचव्या फेरीत फीनिक्सहून निघून फ्लॅगस्टाफचा चढ चढलो. फीनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम हजार-अकराशे फुटांवर, फ्लॅगस्टाफ सात हजारांच्या आसपास. तिथून कॅमेरॉनकडे बराच उतार आहे. कॅमेरॉनला डिझेल-पेट्रोलच्या थांब्यावर कडेला लावली. मी मोटरहोमच्या पुढच्या चाकाशी उभा होतो, बायको पाण्याची बाटली घेऊन मागे गेली होती. तिने तिकडून हाक मारली, “अरे, ब्रेकवरचा पाय काढ ना, मागचे दिवे बघायचेत.”

“मी खाली उभा आहे,” मी म्हटलं.

जीपचे तिन्ही ब्रेकचे दिवे लागलेले होते. मोटरहोममध्ये कोणी नव्हतं. मागच्या कॅमेऱ्यात आम्हाला दिवसभर जीपचं बॉनेट दिसतं, तिचे मागचे दिवे कधीच दिसत नाहीत. बायकोने बाटलीतलं थोडं पाणी पुढच्या उजव्या चाकाच्या मधल्या भागावर शिंपडलं. ते तव्यावर शिंपडल्यासारखं चर्र करून उडालं. वाकल्यावर ब्रेक पॅडचा जळका, आंबूस वास आला. डाव्या चाकाचं तेच. मागची दोन चाकं गरम होती, पण हात लावता येत होता.

हे का झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. आमची जीप साधारण दोन हजार किलोची. एवढं वजन मागे असताना नुसत्या मोटरहोमच्या ब्रेकवर उतार उतरणं धोक्याचं, म्हणून जीपमध्ये ड्रायव्हरच्या पायाच्या जागी एक ब्रेकची पेटी ठेवतात. सीट आणि पेडल यांच्या मध्ये ती बसते, तिचा हात पेडलला पकडतो. मोटरहोम ब्रेक लावू लागली की पेटीला ते जाणवतं आणि ती पेडल दाबते. मी पेटी ठेवून सीट पुढे घेत होतो, पेटी हलू नये म्हणून जरा घट्टच. आणि इंजिन बंद केल्या केल्या बसवत होतो.

इथेच चूक होती. इंजिन बंद केलं तरी ब्रेकच्या बूस्टरमध्ये, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यात, व्हॅक्यूम शिल्लक असतो. तो असताना पेडल मऊ असतं, संपल्यावर कडक होतं आणि त्याची जागा बदलते. म्हणून पेटी बसवण्याआधी पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबून व्हॅक्यूम काढून टाकायचा, पेडल दगडासारखं लागेपर्यंत. मी तो काढत नव्हतो. वर पायाखालची रबरी मॅट तशीच होती, त्यामुळे पेटी दर धक्क्याला किंचित पुढे सरकायची.

ब्रेकच्या दिव्याचा स्विच पेडल जरासं दबलं की लागतो. पॅड डिस्कला टेकायला त्याहून थोडं जास्त दाबावं लागतं. पहिल्या चार फेऱ्यांत आम्ही त्या मधल्या पट्ट्यात होतो: दिवे दिवसभर चालू, पण ब्रेक चिकटलेला नाही. पाचव्या फेरीत पेटी आणखी पुढे सरकली आणि पॅड टेकले. दर मुक्कामाला उतरलेली बॅटरी आम्हाला हेच सांगत होती. चार्जिंगची वायर धड चालली असती तर बॅटरी भरलेली राहिली असती आणि ब्रेक तापून पेटेपर्यंत आम्हाला पत्ता लागला नसता. मला या सगळ्यात सर्वांत जास्त घाबरवणारी गोष्ट ती वाटते.

आणखी एक बाजू आहे. ही पेटी जीपच्याच बॅटरीवर चालते. दुपारपर्यंत बॅटरी बसली की पेटीही बसते, आणि टो बार (जीपला मोटरहोमशी जोडणारा दांडा) तुटला तर ब्रेक लावणारा स्विचही निकामी होतो. म्हणजे मॉन्टिसेलोहून मोआबकडे उतरताना, जिथे ब्रेक सर्वांत जास्त लागतो, तिथे आमच्या जीपला बहुधा ब्रेकच नव्हता.

घरी आल्यावर करंट कुठे कुठे जातोय ते एकेक करून मोजलं. तुम्हीही मोजा, अंदाजावर जाऊ नका. डीसी मोजणारा क्लँप मीटर असेल तर उत्तम: जीप अगदी रस्त्यावर असते तशी सजवायची, म्हणजे किल्ली त्याच खुणेवर, पेटी बसवलेली, दिव्यांची केबल जोडलेली, आणि बॅटरीच्या निगेटिव्ह वायरभोवती मीटर लावायचा. साधा मीटर असेल तर तो वायरच्या मध्ये जोडावा लागतो. त्याची मर्यादा बहुतेक वेळा १० अँपिअर असते, तेव्हा मीटर जोडलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नका.

माझे आकडे असे आले. किल्ली ॲक्सेसरीवर (इंजिन बंद, पण रेडिओ वगैरे चालतील अशा खुणेवर): २.४ अँपिअर. तीन ब्रेकचे दिवे: ५.५ च्या आसपास. पेटी नुसती जागी असताना: ०.३. बेरीज आठच्या वर. माझी बॅटरी साधारण ६० अँपिअर-तासांची. सात-साडेसात तासांच्या प्रवासात ती पूर्ण रिकामी होणारच होती, नवी असो वा जुनी. सगळं बंद, दारं लावलेली, किल्ली काढलेली असताना अर्ध्या तासाने मीटर ०.०५ अँपिअरच्या खाली यायला हवा. तो तिथे येत नसेल तर तुमचं दुखणं ओढण्याशी संबंधित नाही, गाडीतच काहीतरी चालू राहतंय.

किल्लीचं वेगळं सांगतो. मला कोणीतरी सांगितलं होतं की स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून किल्ली ॲक्सेसरीवर ठेवायची, आणि मी दोन वर्षं ते पाळलं. वळणावर जीपचं स्टिअरिंग मोकळं फिरलंच पाहिजे, नाहीतर पुढची टायरं फरफटतात, हे खरं. पण माझ्या ऑटोमॅटिक जीपमध्ये किल्ली काढल्यावरही स्टिअरिंग लॉक होत नाही. ते मी एकदा उभ्या गाडीत दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहिलं, पुस्तकाशी ताडून पाहिलं, आणि किल्ली खिशात घातली. २.४ अँपिअर तिथेच वाचले. तुमची गाडी वेगळी असू शकते. काही गाड्यांना किल्ली एका ठरावीक खुणेवर ठेवावीच लागते, काहींच्या पुस्तकात बॅटरी वाचवण्यासाठी एक फ्यूज काढायला सांगितलेला असतो. दुसऱ्याच्या गाडीची रीत आपल्या गाडीला लावू नका.

पेटी आता अशी बसवतो: मॅट काढतो, सीट मागे, पेडल दाबून व्हॅक्यूम काढतो, पेटी ठेवतो, तिचा हात पेडलला लावतो आणि पेडल व हात यांच्यात किंचित ढील आहे ना ते बोटाने हलवून बघतो. मग बायको मागे उभी राहते आणि ‘बंद’ म्हणते. ते ऐकल्याशिवाय दार लावत नाही. शिवाय ब्रेकच्या स्विचपासून एक वायर काढून मोटरहोमच्या डॅशबोर्डवर लहानसा लाल दिवा बसवला आहे. जीपचा ब्रेक लागला की तो लागतो. मी ब्रेकवरून पाय काढल्यावर तो विझला नाही, तर पहिल्या मोकळ्या जागेत थांबायचं. सगळ्या कामात हा दिवा सर्वांत स्वस्त होता आणि सर्वांत आधी बसवायला हवा होता.

डिस्क आणि पॅड तपासून घेतले. पुढच्या दोन्ही डिस्क निळसर पडल्या होत्या, त्या बदलाव्या लागल्या. तुमच्या जीपमध्ये ब्रेकचे दिवे असे लागलेले सापडले तर पॅड बघितल्याशिवाय पुढच्या फेरीला निघू नका.

यानंतरच चार्जिंगच्या वायरकडे वळलो. पेटीला अधूनमधून करंट लागतोच, त्यामुळे वायर हवी, पण ती नीट हवी. मोटरहोमचं इंजिन चालू ठेवून तिच्या मागच्या सॉकेटवर मीटर लावला: १३.९ व्होल्ट. जीपच्या बॅटरीच्या टर्मिनलवर: १२.७. मधे सव्वा व्होल्ट गायब. एवढ्यात बॅटरी भरत नाही.

वायर बारीक होती, १६ गेजची (गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक). मोटरहोमच्या पुढच्या बॅटरीपासून जीपच्या बॅटरीपर्यंत आमच्याकडे सुमारे १८ मीटर लांबी होते. तेवढ्या १६ गेज वायरमध्ये ३ अँपिअरला पाऊण व्होल्ट जातो, १० गेजमध्ये त्याचा चौथा हिस्सा. उरलेला व्होल्ट अर्थिंगमध्ये जात होता. दुकानदाराने अर्थची वेगळी वायर टाकलीच नव्हती. अर्थ टो बारमधून येईल असं धरलं होतं. टो बारला रंग आहे, पिनांना ग्रीस आहे, गंज आहे, आणि चालताना ते सांधे सारखे हलतात. त्यावर भरवसा ठेवता येत नाही. अर्थची स्वतंत्र, तेवढीच जाड वायर टाकली, शासीवरचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातूवर बोल्ट आवळला. जीपच्या पुढच्या सहा पिनांच्या सॉकेटमध्ये एक पिन हिरवी पडली होती, ती घासून साफ केली. आता बॅटरीवर १३.५ मिळतात.

फ्यूज दोन्ही टोकांना हवेत, कारण या वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मधे कुठे वायर घासून शॉर्ट झाली तर दोन्हीकडून करंट येतो. आमच्या वायरला फ्यूज फक्त मोटरहोमच्या टोकाला होता. आणि निघताना जीपची बॅटरी भरलेलीच असू द्या, १२.६ व्होल्टच्या आसपास. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. अर्धी बॅटरी घेऊन निघालात तर फ्यूज पुन्हा उडेल आणि तुम्ही पुन्हा चुकीच्या जागी शोधत बसाल.

आता दर थांब्यावर पाच मिनिटं जातात. जीपच्या बॅटरीवर मीटर, चारही चाकांच्या मध्यभागी इन्फ्रारेड थर्मामीटर, मागचे दिवे. चारही चाकं एकमेकांच्या जवळपास तापलेली असली तर ठीक. पुढच्या जोडीत एखादं दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त असेल तर तिथेच बघायचं, पुढच्या गावी नाही.

बांधतानाचा क्रम माझ्या जीपच्या पुस्तकाप्रमाणे असा आहे. सपाट जागी गाडी थांबवायची, ब्रेक दाबून ठेवायचा, गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद, ट्रान्सफर केसचा लिव्हर एन (न्यूट्रल) वर. मग इंजिन पुन्हा चालू करून गिअर रिव्हर्सला टाकायचा आणि ब्रेकवरून पाय पाच सेकंद काढायचा. गाडी जरासुद्धा हलता कामा नये. तसंच ड्राइव्हला टाकून. हलली तर ट्रान्सफर केस न्यूट्रलला बसलेली नाही. लिव्हर एन च्या खुणेवर दिसतो पण आत दाते अर्धवट अडकलेले असतात, असं होतं. हे दोन ‘पाच सेकंद’ कधीही गाळू नका. उशीर झालाय, मागे रांग लागलीय, पाऊस येतोय, काहीही असो. त्यानंतर हँडब्रेक, गिअर पार्कला, इंजिन बंद, टो बार जोडणी, आणि निघण्याआधी हँडब्रेक सोडणं.

सोडवताना बॅटरी उतरलेली असेल तर एक गोष्ट जिवाशी आहे. ट्रान्सफर केस एन वर असताना गिअर पार्कमध्ये असला तरी गाडी धरून राहत नाही, चाकं मोकळी असतात. टो बारची पिन काढण्याआधी हँडब्रेक पूर्ण ओढा आणि चाकांना दगड किंवा ठोकळे लावा. बॅटरी मेली असेल तर ब्रेक दाबूनही गिअर पार्कमधून निघत नाही. घाईने ओढाताण करू नका, आधी जंप देऊन गाडी जिवंत करा. मग ब्रेक दाबून गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद, आणि लिव्हर २एच (नेहमीचा दोन चाकांचा ड्राइव्ह) कडे. लिव्हर अडून बसला तर जोर लावायचा नाही. इंजिन चालू करून गिअर एकदा ड्राइव्हला आणि परत न्यूट्रलला आणा, इंजिन बंद करून पुन्हा हलका प्रयत्न करा. आतले दाते थोडे फिरून जागेवर आले की लिव्हर आपसूक बसतो.